होय, नाही आणि शेरा

नवा जिल्हा झाला तेव्हा लातूरच्या लोकांनी पेढे वाटले म्हणतात. आमच्या घरात मात्र त्या जिल्ह्यापायी आई आणि दादांची जी जुंपली, ती आम्ही मुलं मोठी होईपर्यंत जुंपलेलीच राहिली. दादा म्हणजे माझे वडील. नांदेडला एका कचेरीत कारकून होते. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, मागेल त्याला बदली मिळत होती, आणि दादांनी ती घरात कुणाला न विचारता मागून घेतली. "भरली गोदावरी सोडून कोरड्या गावाला चाल्लो आपण," आई सामान बांधता बांधता म्हणायची, "अन् कामून, तर ह्यांची अक्का जवळ येती म्हणून!" अक्का म्हणजे दादांची थोरली बहीण, माझी गयाआत्या. तिला दिलेलं गाव लातूरहून एसटीनं तासाभरावर होतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं अजून आपली माणसं राहतात, आणि त्यांना त्याच रस्त्यानं रोज जायचं-यायचं असतं.

आम्ही लातूरला जरा रुळतो न रुळतो तोच दुष्काळ आला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि ते कधी येईल हे नळ सोडणाऱ्यालाही सांगता येत नसे. आधी नळातून नुसती हवा फुसफुसायची. तो आवाज ऐकला की अख्ख्या गल्लीत घागरींचा असा खडखडाट उठायचा की दादांना अंगावरची बंडी सावरायलाही वेळ मिळायचा नाही. आईनं घराचे कायदेच ठरवून टाकले होते. नळ आला तर धुणं, नाही आला तर कपडे उन्हात घालून झटकायचे आणि पुन्हा अंगावर. दोन हंडे शिल्लक असतील तर येसराची आमटी आणि भाकरी, एकच असेल तर पिठलं, अर्धा असेल तर धपाटे, कारण धपाटं हातावर घेऊन खाता येतं, ताट घासावं लागत नाही. अंबाडीची भाजी तर घरातून हद्दपारच झाली. ती उकडून वरचं पाणी फेकून द्यावं लागतं, आणि आईचा हात पाणी फेकायला धजत नसे. माझी ती सगळ्यांत आवडती भाजी. त्या उन्हाळ्यात मी दुष्काळाचा राग राग केला तो आधी अंबाडीपायी, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आईचं सगळं असं जर-तरवर चालायचं तरी त्यात एक निश्चितपणा होता. दादांचं तसं नव्हतं. दादांना काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू." कॉलेजची फी भरायची आहे, बघू. कौलं फुटलीत, बघू. धाकट्याला गोवर निघालाय, तरी बघू. कारकुनी करून करून त्यांना वाटायचं की कुठलाही कागद चार दिवस पडू दिला की त्याचं त्यालाच उत्तर सुचतं. मला त्या शब्दाचा असा संताप यायचा की एकदा मी त्यांचा चष्मा लपवून ठेवला आणि म्हटलं, आता बघा कसं बघता ते. त्यावर ते म्हणाले, "बरं, बघू."

म्हणूनच मला कम्प्युटर आवडला. ह्याच्यापेक्षा मोठं कारण मला आजही सापडत नाही. मेन रोडवर एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर मठपती सरांनी क्लास काढला होता. दोनच मशीन, काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि चप्पल दाराबाहेर काढून आत जायचं. खोलीला एसी होता. गाव तहानेनं करपत होतं आणि आम्ही सतरंजीवर पाय घडी करून गारठत बसायचो. एसीखाली थेंब थेंब पाणी पडायचं, त्याला सरांनी बादली लावली होती, आणि ती बादली घरी कुणी न्यायची ह्यावरून मुलींत पाळ्या लागल्या होत्या. माझी पाळी असली की आई त्या पाण्यानं न्हाणीघर धुवायची आणि वर म्हणायची, "काय तरी उपयोग हाय बाप्पा तुझ्या शिक्षणाचा."

सर मूळचे देगलूरकडचे. बोलता बोलता चिडले की तेलुगू शिव्या द्यायचे, ज्या आम्हाला कळत नसत, म्हणून त्या आम्हाला फार आवडत. त्यांनी आम्हाला जर-तर शिकवलं ते असं: मशीनला तुम्ही एक अट सांगायची. अट खरी निघाली तर ते एका वाटेनं जाणार, खोटी निघाली तर दुसऱ्या. मधली वाट नाही. "पस्तीस मार्क असले तर पास. नसले तर नापास. चौतीस असले तर?" सरांनी विचारलं. मागच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "सर, एक मार्क वाढवून द्यायचा." सर दोन मिनिटं तेलुगूत बोलले. पण मी मात्र हरखून गेले. प्रश्न विचारला की लगेच उत्तर, तेही होय किंवा नाही, आणि विचारणारा कोण, कुणाची मुलगी, कुठल्या आळीतून आली ह्याची चौकशी नाही! घरी येऊन मी दादांना हेच सांगितलं. दादांनी चष्मा काढून पुसला आणि आईला हाक मारली. "ऐकलीस का? ह्या मशीनीला जात न्हाई म्हणते सुमी." ते दिवसभर हे वाक्य घोळवत राहिले. आम्ही बौद्ध. दादांनी शाळेत असतानाच आडनाव बदलून घेतलं होतं, त्यावरून कुणाला काही कळत नसे, आणि क्लासमध्ये कुणाला कळलंही नव्हतं. मीही कळू दिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सरांकडे एका कचेरीचं काम आलं. तालुक्यातल्या कुठल्या गावांना पाण्याचे टँकर द्यायचे ह्याची यादी मशीनवर करायची. गावोगावच्या तलाठ्यांनी भरलेले फॉर्म गठ्ठ्यानं आले, आणि एका कागदावर नियम आला. गावातल्या सार्वजनिक विहिरीला पाणी असेल तर टँकर नाही. नसेल तर जवळचं पाणी किती लांब आहे ते बघा. दीड किलोमीटरच्या वर असेल तर टँकर, आत असेल तर नाही. सरांनी तो कागद माझ्यापुढं टाकला. "तू लिही. तुझी बोटं चालतात." अख्ख्या क्लासमधून मला! मी दोन दिवसांत ते लिहिलं. पहिली अट विहिरीची, दुसरी अंतराची, आणि शेवटी दोन याद्या, होयची आणि नाहीची. इतकं नीटनेटकं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार वेळा केलं नाही.

मग फॉर्म टंकायला बसले. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता, शेरा म्हणून. बहुतेकांत तो कोरा होता. पण काहींत तलाठ्यानं वाकड्या अक्षरांत काहीबाही लिहिलं होतं: पंप बिघडला आहे, रस्ता खराब आहे, असं. तिसऱ्या-चौथ्या फॉर्मवर मला दिसलं, बौद्ध वाड्यात पाण्याची अडचण. मी सरांना विचारलं, "सर, हा शेरा कुठं टाकायचा?" सरांनी तो वाचलाही नाही. "शेरा-बिरा काय न्हाई. मशीनला होय का न्हाई एवढंच कळतं. सोडून दे." मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लपवणार नाही. तो विषय त्या गार खोलीत निघाला नाही, कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी पुढचा फॉर्म घेतला. आणखी बऱ्याच फॉर्मांवर तसंच काहीतरी होतं. दुपारी गयाआत्याच्या गावाचा फॉर्म हाती आला. गावाचं नाव वाचून मला गंमतच वाटली, आत्याचं गाव! सार्वजनिक विहीर, आहे. पाणी, आहे. शेरा, बौद्ध वाड्याचा आड आटला आहे. तोही मी वाचला, आणि सोडला. मशीननं ते गाव नाहीच्या यादीत टाकलं आणि प्रिंटरनं ते कर्रर्र करत छापलं.

आता इतक्या वर्षांनी, परवा पेन्शनच्या कामाला गेले तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, सिस्टिम घेत नाही." मी म्हटलं, सिस्टिम तुझी आहे का? ती म्हणाली, नाही. मग कुणाची? तिला माहीत नव्हतं. मी तिथं इतका आरडाओरडा केला की रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मला खुर्ची दिली. त्या मुलीचा काही दोष नव्हता हे मलाही कळत होतं. पण मी ज्या खुर्चीत बसून यादी केली होती ती खुर्ची मला आठवली, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना.

तर त्या उन्हाळ्यात यादी गेल्याला पंधरा दिवस झाले असतील. एका सकाळी गयाआत्या दारात उभी. दोन हातांत दोन रिकामे डबे, पदर डोक्यावर, आणि चेहरा असा की जयभीम म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. "पाणी द्या," ती म्हणाली. आमच्याकडे त्या दिवशी एक हंडा होता. आईनं तिला तांब्या भरून दिला. तो तिनं एका दमात संपवला आणि दादांकडे वळली. "आवंदा आमच्या वाड्याला टँकर न्हाई. गेल्या साली मी तलाठ्याला चावडीवर धरून भांडले अन् टँकर आणला. आवंदा तलाठी म्हणतो, मी काय करू म्हातारे, वरूनच यादी आलीया, कम्प्युटरनं न्हाई म्हणलंय. आता त्या कम्प्युटराला कुठं धरू भांडायला? त्याला तोंड हाय का?"

दादा माझ्याकडे बघायला लागले. आईनं पिठात घातलेला हात तसाच ठेवला. मी म्हटलं, "आत्या, तुमच्या गावच्या विहिरीला पाणी आहे ना?"

"हाय की. काठोकाठ हाय."

"मग?"

आत्या माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी दुसऱ्याच कुणाची मुलगी आहे. "मग? सुमे, तू उन्हाळ्याच्या सुट्टीत येत न्हवतीस व्हय माझ्यासंगं त्या इहिरीवर? दोर लावू देतेत का आपल्याला? घागर खाली ठिवायची अन् लांब हुभं ऱ्हायाचं. कुणाच्या मनात आलं तर वरून वततेत. आधी अर्ध्या घंट्यात घागर भरायची. आता दुष्काळ. ज्याला त्याला आपलंच पडलंय. सकाळधरून दुपारपतूर हुभी ऱ्हाते मी. आडाला तर होळीपसून थेंब न्हाई." मग तिला कुणाला काही सांगावं लागलं नाही. ती हळूच म्हणाली, "ती यादी तू केलीस?" मी मान हलवली. "तुझ्या मशीनीला पाणी दिसलं अन् दोर दिसला न्हाई?"

दादा म्हणाले, "अक्का, तिला तरी काय, नियमच तसा—" आणि आत्यानं त्यांना जे ऐकवलं ते ऐकून शेजारीण भिंतीवरून डोकावली. बदली मागून जवळ आलास ते ह्याच्यासाठी का, इथपासून सुरुवात झाली. शेवटी दादा म्हणाले, "बघू आपण काही तरी." आणि आयुष्यात पहिल्यांदा आई, आत्या आणि मी तिघी एकदम त्यांच्यावर ओरडलो.

मी तशीच क्लासला गेले. सर एसीखाली चहा पीत होते. मी म्हटलं, सर, यादी चुकलीय. विहिरीला पाणी आहे पण ते सगळ्यांना मिळत नाही. अट बदलायला पाहिजे. सर म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?" आणि मी म्हटलं, "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत." पंधरा पावलांवर, जिन्याखाली, माझ्यामागोमाग आलेली आत्या डबे घेऊन उभी होती, आणि मी तिला ओळखीची बाई म्हटलं. सर म्हणाले, "बरं, मग अट काय घालायची? सांग. फॉर्मात कुठला प्रश्न टाकायचा? विहिरीवर अमक्यांना पाणी भरू देतात का, असा? सरकारी फॉर्मात असा प्रश्न विचारता येईल का? कायद्यानं विहीर सगळ्यांची हाय. कायद्यानं जे घडतच न्हाई ते फॉर्मात विचारायचं कसं?" मी चडफडत उभी राहिले. ते चुकीचं बोलत नव्हते, हाच तर खरा वैताग होता. गोष्ट डोळ्यांसमोर रोज घडत होती, आणि ती घडत नाही असं कागदावर ठरलेलं होतं. मग मशीननं तरी काय करावं?

मी गठ्ठा पुन्हा काढला. ज्या फॉर्मात शेरा होता ते सगळे वेगळे केले आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला, विहिरीच्याही आधी, एक नवी अट घातली. शेऱ्याचा रकाना कोरा नसेल तर होयही म्हणू नको, नाहीही म्हणू नको; ते गाव तिसऱ्या यादीत टाक. तिसऱ्या यादीला मथळा दिला, जाऊन बघा. ज्या शब्दावर मी आयुष्यभर वैतागले तोच मला स्वतःच्या हातानं मशीनमध्ये घालावा लागला, आणि दादांना हे मी कधीही सांगितलं नाही. सरांनी ती यादी बघितली, तेलुगूत थोडं बोलले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कचेरीत नेऊन दिली. हे मात्र त्यांचं मानलं पाहिजे.

आठवडाभरानं कचेरीतल्या साहेबांची जीप निघाली. पहिलंच गाव आत्याचं होतं. यादी करणाऱ्यांनाही आणा, असा साहेबांचा निरोप होता, म्हणून मागच्या बाजूला सर आणि मी. चावडीवर खुर्च्या मांडल्या होत्या. गावातली मोठी माणसं पुढं बसलेली, वाड्यातली माणसं कडेला लिंबाखाली उभी, त्यांच्यात आत्या. साहेबांनी टोपी काढली, पाणी प्यायले, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "काय हो, इथल्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरू देतात ना?"

असा प्रश्न असा कुणी विचारतं का? मला वाटलं आपण उठून त्या माणसाच्या हातातला पेला हिसकावून घ्यावा. पुढं बसलेल्यांना बोलायची गरजच नव्हती. वाड्यातले सोपानमामा, तिथले सगळ्यांत वडीलधारे, हात जोडून पुढं आले. "देतेत की साहेब. कायबी तक्रार न्हाई." पुढं बसलेल्यांच्याच रानात त्यांची मुलं-सुना खुरपायला जात. दुसरं उत्तर ते कुठून आणणार? साहेबांनी पेन उघडलं. सर माझ्याकडे बघून पुटपुटले, "झालं समाधान?"

"न्हाई देत." आत्या लिंबाखालून म्हणाली. "दोर लावू देत न्हाईत. सकाळधरून हुभी होते. ही बघा घागर, कोरडी हाय."

साहेब वैतागले. "बाई, तुम्ही एकट्याच म्हणताय. बाकी सगळे देतात म्हणतात. मी लिहू काय?" खुर्चीतलं कुणीतरी हसून म्हणालं, "ती भांडकुदळच हाय साहेब, गेल्या सालीबी असंच केलतं." आत्यानं वाड्यातल्या एकेकाकडे बघितलं. सगळे पायाखाली बघत होते. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि नजर काढून घेतली. तिनं मला ओळख दाखवली नाही. मी तिला ओळखीची बाई म्हटल्याचं तिच्या कानावर जिन्यात गेलं होतं की काय, कुणास ठाऊक.

मी उठले. आवाज नको तितका मोठा निघाला. "साहेब, ती खरं सांगतेय. ती माझी आत्या आहे. मी लहानपणापासून सुट्टीला येते इथं. त्या विहिरीवर तिच्याबरोबर घागर खाली ठेवून मीही उभी राहिलेय."

साहेब म्हणाले, "तुम्ही तर कम्प्युटरवाल्या ना?"

"तीच मी," मी म्हटलं. सरांकडे मी बघितलं नाही. पण नंतर जीपमध्ये परत बसताना त्यांनी सरकून मला नेहमीइतकीच जागा दिली.  तिथं चावडीवर मात्र सोपानमामांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलायली साहेब. मघाशी मी खोटं बोललो." साहेबांनी लिहिलं.

टँकर चौथ्या दिवशी आला. त्या गावात आत्याला वर्षभर कुणी खुरपायला बोलावलं नाही. ती सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली आणि त्याबद्दल तिनं आमच्याकडे कधी एक अक्षर काढलं नाही. पण त्या चौथ्या दिवशी मी गेले होते. टँकरची नळी आडात सोडली होती, अर्धं पाणी बाहेरच सांडत होतं, आणि आत्या ड्रायव्हरच्या अंगावर धावून जात होती, "सरळ धर की रे मुडद्या, रस्त्याला पाजायलास का!" आड जरा भरल्यावर तिनं दोर सोडला, घागर वर ओढली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सुमे, तुला एवढं सगळं म्हाईत होतं, तर मशीनीला आधीच कामून न्हाई सांगितलंस?"

मी दोर गोळा करायला घेतला. तिनं मला तो गुंडाळू दिला, आणि मग घागर डोक्यावर उचलू लागायला मला हाक मारली.